वर्ध्याचा माणूस चापिंगोला पोहोचतो तेव्हा

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी वाचकाला प्रवासवर्णनाची गोडी फार. कोणत्याही जुन्या ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या खालोखाल हातांनी मळलेली पुस्तके ह्याच कपाटात सापडतात. परंतु आपली बहुतेक प्रवासवर्णने परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसांनी लिहिलेली आहेत. नव्या गावात पाऊल ठेवताना ज्याला आपण परत केव्हा जाणार हे ठाऊक असते, त्याचे पाहणे निराळे. आणि ज्याला परतता येणारच नाही, त्याचे पाहणे निराळे. आजच्या विषयाचा नायक दुसऱ्या प्रकारचा आहे. तो आपल्या नागपूर-वर्ध्याकडचा. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचे पूर्वचरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे. थोडक्यात एवढेच, की जन्म वर्ध्याचा, टिळकांच्या काळातील जहाल राजकारणाचे संस्कार, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशत्याग, मग जपान आणि तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. तेथे एकीकडे लष्करी आणि शेतकी शिक्षण, दुसरीकडे १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीची पायाभरणी. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरांत कश्काई टोळ्यांच्या आश्रयाने इंग्रजांशी झुंज. युद्धानंतर बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को, पुन्हा बर्लिन. आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिको. ह्या एका परिच्छेदात जी नावे आली त्यांतील प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. पण आज लक्ष द्यावयाचे आहे ते शेवटच्या नावाकडे.

भूगोलाच्या काटेकोर हिशेबाने मेक्सिको उत्तर अमेरिकेत मोडतो. आपल्या मनात मात्र स्पॅनिश बोलणारा तो सारा प्रदेश दक्षिण अमेरिकेच्याच कप्प्यात पडलेला असतो, आणि त्यात फारसे वावगेही नाही. भाषा, धर्म, गावाची रचना, जमीनदारीचा इतिहास ह्यांचे धागे मेक्सिकोपासून थेट चिलीपर्यंत सारखेच विणलेले आहेत. योगायोग असा, की त्याच १९२४ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ ठाकूर पेरू देशाच्या निमंत्रणावरून निघाले असता वाटेत आजारी पडले आणि ब्यूनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रो ह्या लहानशा गावी व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. नदीकाठचे घर, आरामखुर्ची, सेवेला तत्पर यजमानीण. जगाने तो मुक्काम लक्षात ठेवला, आणि ते योग्यच. पण त्याच सुमारास दुसरा एक भारतीय, ना कीर्ती ना निमंत्रणपत्र अशा अवस्थेत, त्याच भाषेच्या दुसऱ्या एका गावात आपली ट्रंक उतरवीत होता, ह्याची नोंद बंगालने नव्हे तरी महाराष्ट्राने ठेवावयास हवी होती. ती फार उशिरा ठेवली गेली.

युरोपातून मेक्सिकोला निघालेली जहाजे त्या काळी वेराक्रूझ बंदराला लागत. तेथून १८७३ मध्ये खुला झालेला लोहमार्ग दमट किनाऱ्यावरून वर चढू लागतो. उजव्या-डाव्या हाताला केळी, ऊस, कॉफी. मग ओरिसाबा शिखराचा ५,६०० मीटरांहून उंच बर्फाचा कळस. आणि मग एकाएकी कोरडे, विरळ हवेचे पठार. राजधानीचे शहर सुमारे २,२५० मीटर उंचीवर आहे. आपल्या सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड त्याहून जवळजवळ नऊशे मीटर ठेंगणे. नव्या माणसाला तेथे चार पावले भरभर चालले की धाप लागते. राजधानीपासून पूर्वेला तीसएक किलोमीटरांवर टेक्सकोको हे गाव, आणि गावाला लागूनच चापिंगो. त्या वेळी टेक्सकोकोवरून जाणारा लोहमार्ग तीन फुटी, अरुंद रुळांचा होता. नागपूर-सौंसर-छिंदवाडा ह्या छोट्या लाइनीने ज्यांनी आयुष्य काढले, २०१५ मध्ये ती बंद होताना ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना त्या गाडीची चाल, वळणावर मागचा डबा दिसणे आणि खिडकीतून येणारी कोळशाची कण हे सारे समजावून सांगावे लागणार नाही.

टेक्सकोको आज महानगराच्या कवेत आले आहे. तेव्हा ते तालुक्याचे गाव म्हणावे असे होते. मधोमध चौक, चौकाच्या एका अंगाला फ्रान्सिस्कन साधूंनी उभारलेले चर्च, कमानींखाली दुकाने, आठवड्याच्या बाजारात जमिनीवर फडकी पसरून बसलेल्या बायका आणि त्यांच्यापुढे मिरच्यांचे, शेंगांचे, भोपळ्यांचे लहान लहान वाटे. वजनकाट्यापेक्षा वाट्यावर विश्वास. पश्चिमेला, जेथे जुने विस्तीर्ण सरोवर होते, तेथे उपसून कोरडा केलेला खारट तळ. उन्हाळ्यात त्या तळावरून धुळीची वादळे उठत आणि राजधानीपर्यंत पोहोचत. दक्षिणेच्या बाजूला दोन ज्वालामुखी : एक धुमसणारा पोपोकातेपेत्ल आणि दुसरी इस्ताक्सिवात्ल, जिची शिखररांग पांढरे वस्त्र पांघरून निजलेल्या स्त्रीसारखी दिसते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोपोकातेपेत्ल जागा होता. माणसे मात्र त्याच्या धुराकडे आपल्याकडे पावसाच्या ढगाकडे पाहतात तितक्याच सहजतेने पाहत.

ग्रंथालयाच्या सभेत टेक्सकोकोची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पंधराव्या शतकात हे गाव एका राज्याची राजधानी होते. नेसावालकोयोत्ल नावाचा राजा तेथे राज्य करी. तो स्वतः कवी होता आणि कालवे, धरणे बांधणारा स्थपतीही. त्याच्या राजवाड्यात चित्रलिपीतील पोथ्यांचा मोठा संग्रह होता. वंशावळी, कर, सणवार, नक्षत्रे, जमिनीच्या हद्दी, सारे तेथे नोंदलेले असे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिको जिंकला, आणि त्या विजयाच्या धामधुमीत व नंतरच्या धर्मोत्साहात तो संग्रह नष्ट झाला. कोणी जाळला, किती जाळला, ह्यावर पंडितांचे वाद आहेत. संग्रह उरला नाही ह्याबद्दल वाद नाही. एका ग्रंथालयाची शंभर वर्षे मोजताना पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या राखेची आठवण अप्रस्तुत ठरू नये.

आता स्वयंपाकघरात जाऊ. कारण परक्या गावाचा पहिला खरा संस्कार जिभेवर आणि कानावर होतो, डोळ्यांवर नंतर. मेक्सिकोच्या खेड्यात पहाटे जाग येते ती भाकर थापण्याच्या आवाजाने. मका चुन्याच्या निवळीत शिजवावयाचा, रात्रभर मुरू द्यावयाचा, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर गुडघे टेकून वरवंट्याने वाटावयाचा. मग त्या पिठाचा गोळा दोन्ही हातांवर थापीत वाढवावयाचा आणि मातीच्या तव्यावर टाकावयाचा. ज्याने वर्ध्याच्या घरात ज्वारीची भाकर थापलेली ऐकली आहे, त्याला सात समुद्रांपलीकडे तो आवाज अंधारात ऐकू आला असता क्षणभर काय वाटले असेल, ह्याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या परीने करावी. भाकरीसोबत वाटलेली मिरची. कुंपणाला निवडुंग, फरक इतकाच, की तेथे त्याचे कोवळे फड काटे काढून भाजीला घेतात. शेताच्या बांधावर घायपात. तिच्या बुंध्यात खळगा करून त्यात साचणारा रस माणूस लांब भोपळ्याने तोंडाने ओढून घेतो आणि आंबवून फेसाळ, पांढरे मद्य करतो. ज्या गावाच्या नावातच मोह आहे, त्या गावाला झाडापासून मिळणाऱ्या मद्याचा महिमा आणि त्यापायी होणारी घरांची धूळधाण ही दोन्ही ठाऊक आहेत. मेक्सिकोचे सुधारकही त्या पांढऱ्या पेयाविरुद्ध कंठशोष करीत होते.

परदेशी गेलेल्या माणसाला वाटते, येथे आपले गावच भेटले. परंतु येथे एक गंमत आहे, आणि खानखोजे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक असल्याने ती त्यांच्या ध्यानी आल्यावाचून राहिली नसणार. मिरची आपली नव्हे. मका आपला नव्हे. फड्या निवडुंग, घायपात, पपई, भुईमूग, बटाटा, टमाटे, तंबाखू, सातपुड्याच्या उतारावर जणू देवानेच लावली असावी अशी वाटणारी सीताफळे, ह्या सर्वांचे मूळ वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिका खंडात मानतात. पेरूचे नाव ऐकले की तर दक्षिण अमेरिकेतील त्याच नावाचा देश आठवतो. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकापासून ही मंडळी आपल्याकडे उतरली, आपल्या भाषेत नावे घेऊन राहिली, उपासाच्या ताटात जाऊन बसली. मिरचीशिवाय वऱ्हाड-नागपूरचे जेवण आज कोणाला सुचेल? तेव्हा वर्ध्याच्या त्या प्रवाशाने टेक्सकोकोच्या बाजारात जे ओळखीचे म्हणून पाहिले, ते वस्तुतः माहेरी भेटलेले आपल्या घरच्या सुनांचे माहेरपण होते.

दुसरी गोष्ट रंगाची आणि नावाची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खानखोजे यांनी भारतीय मजुरांची अवस्था जवळून पाहिली होती. १९०७ च्या सप्टेंबरात बेलिंगहॅम गावी लाकडाच्या गिरण्यांतील भारतीय कामगारांना जमावाने मारहाण करून गावाबाहेर घालविले होते. तेथे सावळ्या रंगाने माणूस दुरूनच परका ठरे. टेक्सकोकोच्या चौकात तोच रंग गर्दीत मिसळून जाई. आणि नावाची मौज पाहा. कोलंबसाच्या १४९२ मधील चुकीमुळे त्या भूमीचे मूळ रहिवासी 'इंदियो' ठरले, म्हणजे हिंदी. त्यामुळे खऱ्या हिंदुस्थानातून कोणी आला की त्याला 'इंदियो' म्हणावयाची सोय उरली नाही; तेथे त्याला 'इंदू' म्हणत, मग तो कोणत्याही धर्माचा असो. चारशे वर्षे ज्यांना चुकून आपले नाव चिकटले होते आणि त्या नावासह दैन्य, वेठ व अवहेलनाही चिकटली होती, अशा लोकांत येऊन राहणे हा अनुभव कोणत्याही प्रवासवर्णनात सहसा सापडत नाही.

चापिंगो म्हणजे मुळात एक हवेली. स्पॅनिशमध्ये 'आसिएंदा' म्हणतात, पण मोहगाव हवेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला निराळे भाषांतर नको. एके काळी मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या मानुएल गोन्सालेस यांच्या मालकीची ती होती. मालकाचा वाडा, खासगी देऊळ, कोठारे, आणि भोवती ज्यांच्या पूर्वजांची ती जमीन होती अशी गावे मजुरीवर जगणारी. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीत दहा वर्षे रक्त सांडले ते मुख्यतः जमिनीसाठी. शेतकऱ्यांचा सेनानी एमिलियानो सापाता १९१९ मध्ये दग्याने मारला गेला. त्याची मागणी मात्र सरकारला स्वीकारावी लागली. अशा वेळी राष्ट्रीय शेतकी शाळा राजधानीतून हलवून चापिंगोच्या ह्या हवेलीत आणण्यात आली आणि १ मे १९२४ रोजी तेथे तिचे उद्घाटन झाले. येथे जमिनीकडून घ्यावयाचे शिकवितात, माणसाकडून लुबाडावयाचे नव्हे, अशा अर्थाचे त्या शाळेचे ब्रीद आहे. मध्यप्रांतातील मालगुजारी ज्याने लहानपणी पाहिली होती, त्याला ते ब्रीद समजण्यासाठी शब्दकोश लागला नसेल. आपल्याकडची मालगुजारी कायद्याने संपावयास १९५१ उजाडले, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

ह्याच शाळेत खानखोजे अध्यापक झाले. तेथील जुन्या देवळाच्या भिंतींवर दिएगो रिवेरा १९२४ पासून १९२७ पर्यंत चित्रे काढीत होता. देवाच्या जागी जमीन, बीज, अंकुर आणि कष्टकरी. रिवेराशी त्यांचा स्नेह जुळला. राजधानीतील शिक्षणखात्याच्या इमारतीत रिवेराने काढलेल्या एका भित्तिचित्रात जेवणाच्या मेजापाशी बसून सर्वांसाठी भाकरी मोडणारा पुरुष आहे; तो चेहरा खानखोजे यांचा, असे सांगितले जाते. त्या शिक्षणखात्याचे मंत्री १९२१ ते १९२४ ह्या काळात होसे वास्कोन्सेलोस हे होते. निरक्षरांच्या देशात त्यांनी गावोगाव ग्रंथालये काढली आणि जगातील अभिजात ग्रंथ हिरव्या बांधणीत छापून वाटले. होमर, प्लेटो, दान्ते, टॉलस्टॉय, आणि त्या मालिकेत रवींद्रनाथही. ज्याला खायला नाही त्याला होमर कशाला, अशी त्यांची थट्टा झाली. ग्रंथालय चालविणाऱ्या प्रत्येक पिढीला ही थट्टा आपापल्या भाषेत ऐकून घ्यावी लागते.

चाळिशीच्या घरात आलेल्या माणसाने नवी भाषा शिकून त्या भाषेत वर्गापुढे उभे राहणे ही सोपी बाब नव्हे. पोरे उच्चारांना हसतात. ती कोठलीही असोत. खानखोजे यांनी केवळ वर्ग घेतले नाहीत, तर स्पॅनिशमध्ये मक्यावर लिहिले. टेक्सकोकोच्या भोवतालच्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी विनाशुल्क शेतकी शाळा सुरू केल्या; १९२८ च्या सुमारास त्यांतील एकीला सापाताचे नाव दिले गेले. त्या शाळांची आणि त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती ह्या नामांकित छायाचित्रकार स्त्रीने घेतली, म्हणून ती आज जगभरच्या संग्रहांत आहेत. त्या भागात मक्याच्या शेतात तेओसिंते नावाचे एक तण उगवते. मक्यासारखेच दिसणारे, पण कणसाऐवजी जेमतेम दहाबारा टणक दाणे धरणारे. शेतकरी ते उपटून टाकतो. हेच मक्याचे पूर्वज, असे आता शास्त्राने निश्चित केले आहे. खानखोजे यांनी ह्या तणाचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोग केले. इंग्रजी राज्य उलथविण्यासाठी बंदूक घेतलेल्या हाताने परक्याच्या शेतात परागकण टिपावेत, ह्यात काहींना उतार दिसला. उतार तो नव्हे. इराणमधून जिवंत निसटलेल्या माणसाला भुकेचे राजकारण इतरांपेक्षा अधिक कळले होते, असे मानावयास जागा आहे.

मात्र ह्या कथेला केवळ सुफळ संपूर्ण म्हणून चालणार नाही. मायदेशी इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. परत जावे तर तुरुंग किंवा त्याहून वाईट. वर्षे जात राहिली. १९३६ मध्ये त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला. मुलींची नावे सावित्री आणि माया. ज्या घरात जेवणाच्या वेळी स्पॅनिश बोलली जाते त्या घरात मुलीला सावित्री म्हणून हाक मारणे, एवढाच काय तो वर्ध्याचा अवशेष उरला असेल, कोण सांगावे. गावाचे पहिले दर्शन नवेपणाने टवटवीत असते. पंचविसाव्या वर्षी तोच चौक, तेच चर्च, तोच धुमसणारा डोंगर माणसाला काय वाटत असतील, हे कोणी लिहीत नाही.

१९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी ते भारतात आले. देश सोडून चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. लक्षात घ्यावे, त्या प्रांताची राजधानी नागपूर आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात. म्हणजे सौंसर, पांढुर्णा, मोहगाव येथील कापूस आणि संत्री त्यांच्या विचाराच्या कक्षेत येत होती. १९५५ मध्ये ते कायमचे परतून नागपुरात राहिले. दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेची रेषा ओढली गेली. नागपूर-वर्धा मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर मराठी बोलणारा हा सारा पट्टाही. खानखोजे यांनी परक्या गावी पोहोचण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली होती. मोहगावकर मात्र रात्री ज्या अंथरुणावर निजले, सकाळी त्याच अंथरुणावर दुसऱ्या भाषेच्या राज्यात उठले. शाळेची पाटी, कचेरीचा अर्ज, न्यायालयाचा निकाल, सारे हिंदीत. घरात भाकर मराठीत. तक्रारीचा सूर येथे लावावयाचा नाही. शेजाऱ्याची भाषा ह्या लोकांनी प्रेमाने शिकली. पण ह्या ग्रंथालयाच्या कपाटांतील मराठी पुस्तके त्या दिवसापासून केवळ करमणुकीची राहिली नाहीत, हे देणगीदारांनी आणि सभासदांनी वर्गणी भरताना वेळोवेळी सिद्ध केले आहे.

खानखोजे यांना अखेरच्या वर्षांत नागपुरात फारसे कोणी ओळखत नव्हते. ज्यांच्या भिंतीवर त्यांचा चेहरा होता ते लोक दूर, आणि ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले ते नव्या धामधुमीत. तिकडे १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या शेतांवरही त्यांनी गव्हाचे प्रयोग केले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणविले आणि हरितक्रांती म्हणतात ती सुरू झाली. त्या गव्हाचे श्रेय खानखोजे यांना देण्याचा मोह टाळलेला बरा. इतिहासात भर घालून थोरवी वाढत नाही. ते बियाणे आपल्या देशात पेरले जात असता, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपूर येथे त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला तो २०२२ मध्ये.

टेक्सकोकोकडे मका पेरतात तो जूनच्या पावसाच्या तोंडाशी, आणि पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत टिकतो. छिंदवाडा जिल्हा आज मक्यासाठी ओळखला जातो. येथेही पेरणी त्याच सुमारास होते. ह्या वर्षी मृगाच्या आसपास सौंसरच्या रस्त्याने जाणाऱ्या कोणी दोन्ही बाजूंची शेते पाहिली, तर तास धरून चाललेल्या बायकांच्या ओटीत तोच दाणा दिसेल.